नेम चुकतो तो पोराचा की बाणाचा?

२०२३ सालच्या ऑगस्ट महिन्यात जर्मनीतील बर्लिन शहरी तिरंदाजीची जागतिक स्पर्धा झाली. तिच्यात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे हे दोघे कंपाउंड धनुष्याच्या प्रकारात जगज्जेते ठरले. अदिती तेव्हा अवघी सतरा वर्षांची होती. अशी बातमी घरात आली की मुले धनुष्याचा हट्ट धरतात आणि आईबाप विचारात पडतात. कारण कंपाउंड धनुष्य, म्हणजे ते चाके आणि तारा असलेले यंत्र, सामान्य कुटुंबाच्या खिशाला झेपणारे नाही. सुदैवाने सुरुवात त्याने करावी लागत नाही. आपल्या देशात 'इंडियन राउंड' नावाचा स्पर्धाप्रकार आहे. त्यात बांबूचे साधे धनुष्य आणि लाकडी किंवा बांबूचेच बाण वापरतात. रांचीजवळच्या रातू चट्टी गावची दीपिका कुमारी ही ऑटोरिक्षा चालवणाऱ्याची मुलगी. तिने लहानपणी घरी केलेल्या बांबूच्या धनुष्यावरच हात बसवला आणि २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दोन सुवर्णपदके मिळवली. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्याचे लिंबाराम हे भिल्ल समाजातले. १९८८, १९९२ आणि १९९६ अशा तीन ऑलिम्पिकमध्ये ते खेळले. त्यांचीही सुरुवात रानातल्या तीरकामठ्याचीच.

तेव्हा बांबूचे धनुष्य म्हणजे खेळणे, असा समज कोणी करून घेऊ नये. मात्र या धनुष्याची एक अट आहे, आणि ती न पाळल्यामुळे कितीतरी पोरांचा खेळ सुरू होण्याआधीच संपतो.

शाळेच्या किंवा तालुक्याच्या मैदानावर धनुष्य एक, बाण दहा आणि पोरे वीस असा मामला असतो. बाणही कसले? कोणी दिलेले, कोणी टाकलेले. एक जाड, एक बारीक, एक लांब, एक टोक तुटल्यावर कापून आखूड केलेला, आणि सगळे एकाच भात्यात. मूल पाच बाण सोडते. तीन एका ठिकाणी लागतात, एक हातभर डावीकडे जातो, एक गवतात. लगेच शेरा येतो, "हात हलतो तुझा." दुसऱ्या दिवशी "लक्ष नाही तुझे." तिसऱ्या दिवशी "तुझ्याच्याने व्हायचे नाही." याच्या पुढचा शेरा कोणत्या शब्दांत येतो, तेही आपल्या घरांना ठाऊक आहे. पोर ते मनाला लावून घेते आणि मैदानावर जाणे सोडते. त्या तीन बाणांनी, पोराचा हात स्थिर आहे याची साक्ष दिलेली असते. ती कोणी ऐकत नाही.

बाण वाकतो म्हणून सरळ जातो

बाण सरळ असावा हे सर्वांना कळते. पण सुटताना तो सरळ राहत नाही, हे फार थोड्यांना माहीत असते. एक प्रयोग घरी करून पाहा. खराट्याची लांब काडी घ्या, तिचे एक टोक भिंतीला टेकवा आणि दुसऱ्या टोकाने हळूच दाबा. काडी मध्येच बाजूला फुगते. बाणाचे तसेच होते. पुढे टोकाचे वजन आणि मागून दोरीचा दणका, यांच्यामध्ये सापडलेली दांडी फुगते, मग उलट बाजूला फुगते, आणि अशी मासळीसारखी हलत हलत पुढे निघते. हा सारा खेळ सेकंदाच्या साधारण पन्नासाव्या भागात होतो. डोळ्याला तो दिसत नाही.

आता हे आवश्यक का, तेही पाहू. धनुष्य डाव्या हातात असले तर बाण मुठीच्या डाव्या अंगाला टेकतो. दोरी मात्र सुटल्यावर धनुष्याच्या मधोमध येऊ पाहते. म्हणजे बाणाचे शेपूट मध्याकडे ओढले जाते आणि तोंड डावीकडे वळू लागते. मूठ आडवी आहे. हिशेबाने पाहिले तर प्रत्येक बाण डावीकडे जायला हवा. तो समोर जातो, कारण तो वाकून मुठीला वळसा घालतो आणि त्याचे शेपूट मुठीला न शिवता निघून जाते. या कोड्याला १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेतील रॉबर्ट एल्मर यांनी 'तिरंदाजाचा विरोधाभास' असे नाव दिले. त्याच काळात टेलिफोनच्या बेल प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी अतिवेगवान कॅमेऱ्याने बाणाची चित्रे घेतली आणि तो वळसा लोकांना प्रत्यक्ष दाखवला.

यातून सगळा न्याय निघतो. बाण फार कडक असेल तर तो पुरेसा वाकत नाही. मुठीवरून ढकलला जातो आणि डावीकडे जातो. फार लवचिक असेल तर गरजेपेक्षा जास्त वाकतो आणि उजवीकडे जातो. धनुष्य उजव्या हातात धरणाऱ्या डावखुऱ्या मुलाला हे सगळे उलटे लागू होते. मंगोलिया, कोरिया, जपान या देशांत जुन्या रिवाजाने दोरी अंगठ्याने ओढतात आणि बाण दुसऱ्या अंगाला ठेवतात. तेथेही बाजू उलट. (अंगठ्याचा विषय निघाला की आपल्या वाचकांच्या मनात कोण येते, ते सांगायला नको. ऑलिम्पिकमधले तिरंदाज आज तीन बोटांनीच दोरी ओढतात, एवढेच येथे नोंदवून पुढे जाऊ.)

एक डोळा मिटून

बाण तयार करणाऱ्या कारागिराला पालीत उसुकार म्हणतात. धम्मपदाच्या चित्तवग्गात तो उपमेसाठी येतो, हे नेहमी वाचणाऱ्यांना माहीत आहे. पण त्याचे काम प्रत्यक्ष कसे चाले, याचे वर्णन महाजनक जातकात आहे. तो निखाऱ्यांवर दांडी तापवतो, आंबट कांजीने ओली करतो, आणि एक डोळा मिटून दुसऱ्याने दांडीच्या लांबीवरून पाहत ती सरळ करतो. दोन डोळ्यांनी पाहिले तर वाक सापडत नाही, असे त्याचे म्हणणे. जातकात त्याचा उपयोग वेगळ्या बोधासाठी केला आहे. पण ज्याने ही कथा रचली त्याने उसुकाराच्या पुढ्यात बसून काम पाहिले असले पाहिजे, असे मला वाटते.

आता समुद्रापलीकडे चला. १९११ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या कॅलिफोर्निया प्रांतात ओरोव्हिल गावाजवळ एक एकटा, उपाशी माणूस सापडला. याही नावाच्या आदिवासी लोकांतला तो शेवटचा होता. बाकीच्यांचा गोऱ्या वसाहतवाल्यांनी कत्तली करून आणि उपासमार घडवून नायनाट केला होता. त्याने आपले खरे नाव कोणालाच सांगितले नाही. लोक त्याला इशी म्हणू लागले. त्याच्या भाषेत इशी म्हणजे माणूस. सॅन फ्रान्सिस्कोच्या विद्यापीठ संग्रहालयात तो राहिला आणि १९१६ साली क्षयाने गेला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर सॅक्स्टन पोप त्याचे शिष्य बनले आणि त्याची विद्या त्यांनी १९२३ च्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली. इशी फांद्या तोडून, साली काढून, सावलीत वाळवत असे. मग निखाऱ्यांजवळ धरून दांडी तापवायची, पायाच्या अंगठ्याने किंवा हाताच्या तळव्याने दाबून वाक काढायचा, लांबीवरून नजर टाकायची, आणि दोन खडबडीत दगडांमध्ये घासून जाडी सारखी करायची. बाण तो बहुधा पाच-पाचच्या संचाने करी.

कुठे जातककथेतला उसुकार आणि कुठे इशी! विस्तव तोच, नजर तीच. पण पाचांचा संच आणि दगडाने सारखी केलेली जाडी ही गोष्ट नीट लक्षात घ्या. दांडी सरळ आहे की नाही हे डोळ्याला दिसते. ती किती कडक आहे हे डोळ्याला दिसत नाही. त्यासाठी जुन्या कारागिरांकडे हाताचा अंदाज होता. तो अंदाज आपल्या पोरांकडे नाही, म्हणून माप घ्यावे लागते.

माप घरी घेता येते

लाकडी बाणांचे माप घेण्याची पद्धत ठरलेली आहे. दोन आधार २६ इंचांवर, म्हणजे ६६ सेंटिमीटरवर ठेवायचे, त्यावर दांडी आडवी ठेवायची, मधोमध २ पौंडांचे वजन टांगायचे आणि दांडी किती खाली झुकली ते मोजायचे. २ पौंड म्हणजे ९०७ ग्रॅम. किराणा दुकानातून ९०० ग्रॅम साखर पिशवीत मोजून आणली तरी चालेल. सात ग्रॅमने काही बिघडत नाही. एका फळीवर ६६ सेंटिमीटरवर दोन खिळे ठोका, फळी भिंतीला उभी लावा, मधोमध शाळेची पट्टी चिकटवा. झाले यंत्र तयार. वजन टांगण्यापूर्वीचा आकडा आणि टांगल्यानंतरचा आकडा, यांतला फरक मिलिमीटरमध्ये लिहून घ्या.

मग ६६० ला त्या फरकाने भागा. उत्तर येईल ते पौंडांत. दांडी २२ मिलिमीटर झुकली तर उत्तर ३०. म्हणजे ती साधारण ३० पौंड ओढीच्या धनुष्याजोगी. १६.५ मिलिमीटर झुकली तर ४०. जास्त झुकणारी लवचिक, कमी झुकणारी कडक.

धनुष्याची ओढही मोजावी लागते. भंगारवाल्याकडे असतो तसा स्प्रिंगचा काटा दोरीला अडकवा आणि मूल जेवढे ओढते तेवढेच ओढा. काट्यावरच्या किलोला २.२ ने गुणले की पौंड मिळाले. येथे पुष्कळजण फसतात. धनुष्यावर लिहिलेला आकडा बहुधा २८ इंच ओढीचा असतो. बारा वर्षांची मुलगी २४ इंच ओढत असेल तर तिच्या हातात त्या धनुष्याची ओढ आठेक पौंड कमी भरते. मोठ्या भावाला चालणारे बाण तिला कडक पडतात. ती डावीकडे मारत राहते आणि घरात म्हणतात, "पोरीला जमत नाही." शिवाय बांबूच्या धनुष्याची मूठ जाड असते, बाणाला वळसा मोठा घ्यावा लागतो. म्हणून दांडीचा आकडा ओढीपेक्षा पाचेक पौंड कमी धरूनच सुरुवात करावी. हा आरंभाचा अंदाज आहे. शेवटचा निकाल मैदानावरच लागतो.

एका संचातल्या बाणांच्या झुकण्यात दोन मिलिमीटरपेक्षा जास्त अंतर नसावे. दहा दांड्या मोजल्या की त्यातल्या पाच-सहाच जुळतात. बाकीच्या फेकू नका, त्यांचा दुसरा संच दुसऱ्या मुलाच्या कामी येईल. आणखी एक काळजी घ्या. दांडी खिळ्यांवर तशीच ठेवून थोडी थोडी फिरवा आणि पुन्हा मोजा. बांबू असो वा लाकूड, एका अंगाने ती थोडी जास्त कडक भरते. त्या अंगावर पेन्सिलीने खूण करा आणि दोरीत अडकवायची खाच अशी कापा की प्रत्येक बाणाची कडक बाजू धनुष्याकडेच येईल.

कडकपणा कशाने बदलतो हे कळले की बाजारातही कोणी फसवू शकत नाही. सर्वांत मोठा परिणाम जाडीचा. भरीव दांडीचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणजे ८ मिलिमीटरची दांडी ९ मिलिमीटरची केली तर ती सुमारे ६० टक्के अधिक कडक होते. नुसत्या डोळ्याने 'सारखेच तर दिसतात' असे म्हणणारा दुकानदार खोटे बोलत नसेलही, पण उपयोगाचे बोलत नाही. इंग्लंडचे 'मेरी रोझ' हे युद्धनौकेचे गलबत १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढले गेले. त्यात १३७ अखंड धनुष्ये आणि साडेतीन हजारांवर बाण सापडले. त्या धनुष्यांची ओढ शंभर पौंडांच्या वर होती, आणि बाणांच्या दांड्या जवळजवळ अर्धा इंच जाड. मुलाच्या धनुष्यावर तसा बाण लावला तर तो काठीसारखा बाजूला पडेल.

लांबीचेही तसेच. २८ इंचांची दांडी एक इंच कापली की झुकणे सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. टोक जड केले की दांडी जास्त वाकते, हलके केले की कमी. बांबूत एक विशेष आहे. त्याचे घट्ट धागे बाहेरच्या सालीजवळ असतात. गाठी तेवढ्या घासाव्यात, साल खरवडू नये. साल गेली की जोर गेला. जाड शेंडा पुढे, बारीक मागे ठेवावा.

बिनपिसांचा बाण खरे बोलतो

पिसे ही बाणाची चूक सांभाळून घेतात. म्हणून परीक्षा घेताना पिसे काढायची. एकाच संचातले तीन बाण पिसांसह आणि दोन बिनपिसांचे घ्या. पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी त्यांच्या मागे गुंडाळा, म्हणजे तोल बिघडत नाही. दहा-बारा मीटरवर पेंढ्याची जाड गादी लावा आणि नेहमीसारखे मारा. एकदा मारून काही ठरवू नका. सुटताना बोटे अडखळली तरी बाण भरकटतो. चार-पाच फेऱ्यांत तेच तेच दिसले तरच मानायचे. उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बिनपिसांचे बाण इतरांच्या डावीकडे लागले तर दांडी कडक, उजवीकडे लागले तर लवचिक.

कडक निघाली तर टोक जड करा, किंवा बारीक सँडपेपरने लाकडी दांडी सगळीकडून सारखी घासून थोडी बारीक करा. लवचिक निघाली तर टोक हलके करा, किंवा पाव इंच कापा, पुन्हा मारून पाहा, मग पुढचे पाव इंच. घाईने एकदम इंचभर कापणाऱ्याला ती परत जोडता येत नाही, हे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते. कापण्याआधी एक स्वस्त उपाय आहे. मुठीवर बाण जेथे घासतो तेथे चामड्याची पातळ चकती चिकटवली की बाण थोडा बाहेर सरकतो आणि लवचिक दांडी जागेवर येते. चपला शिवणाऱ्याकडचा तुकडा पुरतो.

एक फसवा प्रकारही आहे. दांडी फारच लवचिक असली तर तिचे शेपूट मुठीवर आपटते आणि बाण डावीकडे उडतो. बघणारा म्हणतो, कडक आहे. मग टोक आणखी जड केले जाते आणि दुखणे वाढते. 'टक' असा आवाज येत असेल तर मुठीच्या अंगाला टाल्कम पावडर लावा आणि एक बाण मारा. पावडर पुसली गेली असेल तर शेपूट आपटते आहे, म्हणजे दांडी लवचिक आहे.

येथे जिवाची गोष्ट सांगतो. ताकदवान धनुष्यावर फार लवचिक किंवा तडा गेलेली दांडी लावली तर ती सुटतानाच मोडू शकते, आणि तिचा भाला धनुष्य धरलेल्या हातात घुसतो. म्हणून प्रत्येक बाण मारण्यापूर्वी हातात धरून हलके वाकवायचा, कान देऊन ऐकायचा, नखाने चाचपायचा. किंचितही कुरकुर आली तर मोडून टाकायचा. गरिबीमुळे तडा गेलेला बाण दोऱ्याने बांधून वापरणारी पोरे असतात. त्यांना रागावू नका, दुसरा बाण द्या. बाण न लावता दोरी ओढून सोडू नये, धनुष्य फुटते. आणि मुलाच्या ओढीपेक्षा आखूड बाण कधीही देऊ नये, तो मुठीच्या आत ओढला जातो.

पावसाळा हा बाणांचा वैरी. लाकूड ओल धरते, दांडी मऊ होते, वाकते. उन्हाळ्यात जुळवलेला संच श्रावणात जुळेलच असे नाही. जवसाचे तेल किंवा व्हार्निश लावून, कोरड्या जागी आडवे ठेवा, कोपऱ्यात तिरपे टेकवू नका. पाऊस संपल्यावर फळी काढा आणि साखरेची पिशवी पुन्हा टांगा.

शेवटी एक वही घाला. प्रत्येक बाणावर रंगाने एक ते सहा आकडे लिहा. रोज कोणता आकडा कुठे लागला, हे मुलालाच वहीत मांडू द्या. पंधरा दिवसांनी वही घेऊन प्रशिक्षकांकडे जा. पाच आकडे एका ठिकाणी आणि चार नंबरचा बाण कोणाच्याही हातून मारला तरी डावीकडेच जात असेल, तर चार नंबर संचातून काढा आणि मुलाला उरलेल्या पाचांवर पुन्हा मोजा.